गळ

मांजरीचे दात पिलाला लागत नाहीत म्हणतात.
पिलाचे दात कुणाला लागतात
ते मला विचारा.

क्लाक्सविकच्या धक्क्यावर, मासळीच्या रिकाम्या खोक्यात
सापडलं हे. एकटंच.
ना आई, ना भावंडं, वितळलेला बर्फ आणि खवले.
मी नाव ठेवलं ओंगुल.
आमच्या फेरो बेटांवर ओंगुल म्हणजे गळ.
पहिल्याच रात्री कळलं,
नाव चुकलं नाही.

रात्र तरी कसली? जून महिना,
तीन वाजताही खिडकीत दुधाळ उजेड,
आणि पांघरुणाखाली हललेला माझा अंगठा
त्याला कायम उंदीर वाटणारा.
पोटरीला लोंबकळायचं, मनगटाला मिठी मारून
मागच्या पायांनी सपासप लाथा.
रविवारी प्रार्थनेला मी हातमोजे घालून गेले.
शेजारच्या बाकावरून एल्सपाने पाहिलं
आणि स्तोत्राची ओळ चुकली.

एकतीस वर्षं मी कारखान्यात मासे चिरले.
सुरी निसटायची. बोटाला निळी पट्टी,
सरकता पट्टा सरकतच राहायचा.
तोंडातून ब्र नाही.
मुकादमीण नव्या पोरींना सांगायची,
मार्यूनकडून शिका.
योगवान आल्बोर्गला गेला तो गेलाच,
ते पत्र वाचून झाल्यावरही
मी उरलेली भांडी घासली,
पुसून फळीवर लावली.

जनावरांचा डॉक्टर होग्नी, अजून मिसरूड नीट नाही,
त्याची आई पट्ट्यावर माझ्या डावीकडे उभी असायची.
माझे हात उलटेपालटे करून म्हणाला,
‘मार्यून, हे चावलं की तू ओरडतेस का?’
‘त्याच्यावर?’
‘त्याच्यावर नाही गं. नुसती ओरड.
भावंडं असती तर किंचाळली असती,
खेळ मोडून निघून गेली असती.
याला कुणी सांगितलंच नाही
की दुखतं.’
आणखी म्हणाला, हात हे खेळणं नव्हे,
काठीला दोरी बांध, दोरीला काहीतरी केसाळ.
पंजावर चापट मारू नकोस, त्याला तो खेळच वाटेल.

घरी येऊन सराव केला,
नळ सोडून, म्हणजे एल्सपाला ऐकू जाऊ नये.
पहिल्यांदा आला तो खोकला.
मग थंडीत पडून राहिलेल्या मोटरबोटीसारखं काहीतरी,
घरघर, घरघर, आणि बंद.
ओंगुल माझ्या तोंडाकडे बघत होतं,
आत मासा असावा तसं.

गुरुवारी चावलं ते अंगठ्याच्या बेचक्यात,
सुरीच्या जुन्या व्रणावर, अगदी नेमकं.
आणि ओरडा आला.
लागला असता त्याहून बराच मोठा.
त्याने दात सोडले. कान मागे.
शेपटीचा बाटल्या धुवायचा ब्रश.
नियमाप्रमाणे मी उठले, बाहेर गेले, दार लावलं,
आणि बोळात लोकरी कोटांमध्ये तोंड खुपसून
अजून दोनदा ओरडले.
दुसरा त्या सुरीसाठी असेल.
तिसऱ्याचं सांगत नाही.

खिडकीवर टकटक. एल्सपा, हातात डाव,
डावावरून रस ठिबकतोय.
‘काय झालं गं?’
‘मांजर चावलं.’
‘एवढं?’
‘हो,’ म्हटलं. ‘एवढं.’
ती आत आली, बसली,
तिच्या चुलीवरचं लागलं तरी उठली नाही.

ओंगुल काही साधुसंत झालेलं नाही.
कालच पडदा खाली आणला,
आणि योगवानच्या उरलेल्या मोज्याचा
दोरीला बांधलेला गोंडा
आता ओळखू येत नाही, ते एक बरंच झालं.
पण संध्याकाळी मांडीवर येऊन गळ घालतं,
माझं बोट तोंडात धरतं,
दात टेकवतं. थांबतं.
वर बघतं, माझ्याकडे.
इथवर?

‘अजून जरा कमी,’ मी म्हणते.