आलिझेला दुसरा हात

बोगमाळोच्या चढावर, काजूच्या झाडांपलीकडे
जुनी विमानं उन्हात उभी आहेत.
दर दोन वर्षांनी टेंडर निघतं
आणि राखाडी रंगाचे डबे घेऊन मी नि इनास येतो.
एरवी आम्ही बारच्या पाट्या रंगवतो, ट्रॉलरची नावं,
निवडणुकीत भिंती.
विमानावर अक्षरं कमी, अंग फार.

आधी खरवडायचं.
खारा वारा पत्र्याला फोड आणतो,
अंगठ्यानं दाबला की आतून पांढरी भुकटी
शिळ्या खोबऱ्याच्या किसासारखी.

आलिझे माझ्या वाटणीचं.
नावाचा अर्थ म्हणे वारा, शिडाच्या जहाजांना लागायचा तो.
नाक बोथट. पंखांना दोन दुधी भोपळे लटकलेले,
पोटाशी घुमट, शेपटाखाली आकडा,
आणि पंख कोपरात मोडून वर,
सदरा काढताना डोक्यात अडकला की
माणूस दिसतो तसं.

बुधवारी म्हापशाची शाळा आली.
सरांनी विचारलं, सांगा, ह्यात सगळ्यात कुरूप कोण?
बेचाळीस बोटं माझ्या शिडीकडे.
मी वर, हातात ब्रश,
क्षणभर वाटलं, मलाच.
दोन वेण्यांची वेनिशा म्हणाली,
"सर, ह्या विमानाला दिवस गेलेत."
इनास इतका हसला की थिनर सांडलं.

दुपारी त्याच्याच सावलीत डबा उघडला.
समोर ती मोठी, तीन शेपटांची,
पाठीची रेघ अशी की डॉल्फिननं उडी मारता मारता विचार बदलावा.
सगळे तिच्यापुढे फोटो काढतात.
तिच्यातून आधी तिकीटवाले लोक जायचे,
तेव्हा घडवताना कुणीतरी तिच्या पाठीवरून
पुन्हा पुन्हा हात फिरवला असणार.

ह्याच्यावरून नाही फिरवला.
पाणबुडी शोधायचीय? लावा घुमट.
जहाजावर जागा नाही? मोडा पंख.
चाकं कुठं ठेवू? ठेव त्या भोपळ्यात.
माझं घर असंच झालं.
थोरल्याचं लग्न ठरलं, पत्र्याची खोली काढली.
आई जिना चढेना, संडास पुढच्या दारी आला.
आता रस्त्यावरून बघणाऱ्याला काय वाटतं
ते मी विचारायला जात नाही.
किसमूर खाल्ली, हात धुतले, शिडीवर चढलो.

उन्हं कलल्यावर एक गृहस्थ आले,
रत्नागिरीकडचे, सुर्वे म्हणून, एक पाय ओढत.
"रंग ओला आहे" म्हणेपर्यंत
तळवा घुमटावर टेकलासुद्धा.
"हा खाली उतरायचा, पोटातून," ते म्हणाले.
"मी नाही उडायचो. मी डेकवर. रात्रीचा, वाट बघत."
लांबून कसं दिसायचं, मी विचारलं.
"दिसायचं कुठं? काळोख.
आधी आवाज यायचा.
त्या आवाजाला कुणी कुरूप म्हणून दाखवावं."
मग माझ्याच चिंधीनं हात पुसत
गेटकडे निघाले. रंग निघाला नव्हता.

घुमटावर पाच बोटं राहिली.
"मारू रोलर?" इनास.
वाळू दे म्हटलं. उद्या दुसरा हात मारायचाच आहे.

एक काम मी नेहमी शेवटाला ठेवतो.
काचा. उन्हानं पिवळ्या पडल्यात,
आत खुर्च्या नाहीत, मधमाश्या आहेत, तारा लोंबतायत.
लोकांना दिसू नये म्हणून वरून हुकूम,
काळ्या करा.
ब्रश धरून मी थांबतो.
दाबोळीहून काहीतरी उठतं,
नवं, गुळगुळीत, कुठल्याही दुसऱ्यासारखं,
आणि काचेच्या ह्या कोपऱ्यातून त्या कोपऱ्यात
त्याचं बारकं पांढरं प्रतिबिंब सरकत जातं.
ते पार जाऊ देतो.
मग बुडवतो.