चेटकिणीचा बाण

मोजा काही जड नसतो.
लोकरीचा, टाचेला दोनदा रफू केलेला.
मी त्याच्यासाठी वाकले
आणि वाकलेलीच राहिले.

शेगडीपाशी, काटकोनात,
एक हात खुर्चीवर, एक हवेत.
दारातून कुणी पाहिलं असतं तर म्हणालं असतं,
वुओक्को फरशीच्या कानात काही सांगतेय.

आमच्याकडे याला चेटकिणीचा बाण म्हणतात.
सुटताना दिसत नाही,
लागला एवढंच कळतं.
छपरावरून बर्फाची लादी निसटावी
तसं कमरेतून काहीतरी निसटलं
आणि माझा श्वास उंबऱ्यावर उभा राहिला,
आत यावं की बाहेर जावं
त्याला ठरवता येईना.

एकोणीस वर्षं टपालाची गाडी चालवते मी.
बियाण्यांची खोकी, ट्रॅक्टरचे सुटे भाग,
एकदा तर अख्खी ऐरण.
पाठीनं हूं की चूं केलं नाही.
आणि आता मोजा.

ड्रॉवर दोन हातांवर होता.
एस्कोच्या गोळ्या आहेत त्यात अजून,
त्याच्या शेवटच्या हिवाळ्यातल्या.
त्याला हव्याच होत्या त्या, नाही म्हणत नाही.
आधी त्याचं दुखणं घेऊन गेल्या,
मग झोप-जाग, मग माझं नाव.
मी ड्रॉवरकडे पाहिलं.
विषय काढला नाही.

शेजारच्या योउनीनं मला मागच्या सीटवर
बटाट्याच्या पोत्यासारखी आडवी घातली
आणि लेम्पीच्या घरापर्यंत
प्रत्येक खड्ड्याची माफी मागितली.

लेम्पीनं आधी हात लावला नाही.
पायाला मुंग्या येतात? बधिर वाटतं?
लघवीला अडत नाही ना?
अडत असेल तर इथून थेट हॉस्पिटल,
माझ्याकडे कॉफीसुद्धा मिळणार नाही.

मग सौना. हलका, तिसऱ्या दिवसाच्या उन्हासारखा.
मग लाकडी बाक, आणि तिचे अंगठे.
शहात्तर वर्षांचे अंगठे,
गायींचे सड ओळखणारे, पिठाचा ताण ओळखणारे.
माझा भाचा शहरात कायरोप्रॅक्टरकडे जातो;
तिथं मणका कटकन वाजतो म्हणे
आणि पैसे वसूल झाल्यासारखं वाटतं.
मी दात आवळून आवाजाची वाट पाहिली.
आवाज झालाच नाही.
ती नुसती थांबायची,
थांबायची,
माझ्या हाडांना कंटाळा येईपर्यंत थांबायची.

कमरेवरून अंगठे वर सरकले,
डाव्या फऱ्याखाली अडले.
इथं कोण बसलंय?
मी म्हटलं, कुणी नाही.
ती म्हणाली, बरं.
आणि अंगठा काढला नाही.

दोन हिवाळे मी एस्कोला
पलंगावरून खुर्चीत घेतला, खुर्चीतून पलंगावर.
डाव्या बाजूनं.
हे तिला कुणी सांगितलं नव्हतं.
बाक घामानं ओला झाला होता.
घामानंच, असं समजू.

निघताना ती म्हणाली, पडून राहू नकोस.
लोळत पडलीस तर बाण मुळं धरतो.
चाल. रोज थोडी, शिव्या देत चाललीस तरी चालेल.
पैसे घेतले नाहीत.
कॉफीचं पाकीट घेतलं, भाजणी बघून नाक मुरडलं.

दुखणं गेलं, असं नाही.
बसमधल्या अनोळखी माणसासारखं
जरा सरकून बसलं.
रात्री कूस बदलायची तर
आधी परवानगी मागावी लागते.

मोजा तीन दिवस तिथंच होता.
मी त्याला वळसा घालून चालायचे,
शेगडीपासून खिडकीपर्यंत, खिडकीपासून ड्रॉवरपर्यंत.
चौथ्या दिवशी गुडघ्यांत वाकून उचलला.
दुसरा मात्र सापडेना.

सोमवारपासून पुन्हा गाडीवर आहे.
एकोणीस वर्षांत पहिल्यांदा लक्षात आलं,
या तालुक्यातली एकही टपालपेटी
योग्य उंचीवर लावलेली नाही.