फक्त उजव्यात

रात्री नऊला एक थेंब, फक्त उजव्यात.
बाटली फ्रिजच्या दारात, आल्याच्या तुकड्याशेजारी.

आधी पापणीचे केस लांबले.
बिबवेवाडीच्या पार्लरमधली शबनम
दोरा दातांत धरून म्हणाली,
काकू, एकाच डोळ्याला एक्स्टेन्शन?
मी हसले. त्रेसष्टाव्या वर्षी एवढं कौतुक
फुकट मिळालं तर कोण सोडतं.

मग वरची पापणी आत ओढली गेली.
भुवईखाली खळगा,
धुतला तरी काजळ राहिल्यासारखा.
हयातीच्या दाखल्याला बँकेत गेले,
यंत्राने दोनदा चेहरा नाकारला.
चष्मा काढा, पोरगा म्हणाला. काढला.
तिसऱ्यांदा नाकारला.

डॉक्टर बारटक्के म्हणाले, काचबिंदूच्या या औषधाने
डोळ्याभोवतीची चरबी झडते कधीकधी.
दाब अठ्ठावीसचा चौदावर आलाय, ते बघा.
तेच बघते.
कडेने घुसणारी रिक्षा अजून दिसते मला.

चार वर्षं तळजाई चढून
कंबरेची तसूभर हलली नाही,
आणि झडली ती इथली,
चिमूटभर,
जिचं मी कधी नावही घेतलं नव्हतं.

थेंब विद्याधर घालतात. हात कापतो त्यांचा,
पहिला बहुतेक कानात जातो.
मग नाकाजवळचा कोपरा दाबून
मिनिटभर मिटून पडायचं.
खाली अप्परची बस वळते,
कुणाचा तरी कुकर तिसरी शिट्टी अर्धी सोडतो.

दिसतंय का, ते विचारतात,
दर रात्री, जणू आजच पट्टी काढलीय.
दिसतंय.
शर्टाचं वरचं बटण
चुकीच्या काजात गेलंय तुमचं.