येऊन राहिली

धैर्यशील सांगलीचा. पहिल्याच दिवशी हसला होता
माझ्या बोलण्याला :
"करून राहिली म्हणजे? करून, मग कुठे राहिली?"
आमच्या नागपुरात असंच असते, मी म्हटलं,
जाऊन राहिली, खाऊन राहिली, ऐकून राहिली.

तेव्हा खरंच ऐकत होती मी.
तीन महिने दुसरं काही ऐकलंच नाही.
त्याच्या आत्याचं नाव, चौथीत पडलेला दात,
कोणत्या कुशीवर झोप लागते, सगळं पाठ.
फुटाळ्यावर कणीस खाताना
त्याचं एक वाक्य खाली सांडू दिलं नाही.

मग मे महिना. तो गावाहून परतणार,
गाडी अजनीला अकरा वाजता.
दहाला किल्ली हातात होती माझ्या. शपथ.
कूलरची टाकी कोरडी दिसली. पाइप लावला.
टाकी भरेपर्यंत वाळ्याची जाळी काढली,
जाळीत चिमणीची पिसं,
पिसं टाकायला गच्चीवर, गच्चीवर आईच्या कुरड्या,
कुरड्या उलटवता उलटवता
वाटलं, हातात काहीतरी होतं.
खाली घरभर पाणी. फोनवर सतरा मिस्ड कॉल.
आणि तो पंचेचाळीस डिग्रीत उभा,
पिशवीत माझ्यासाठी भडंग.

"विसरलीस?"
विसरली नव्हती. हेच तर सांगता येत नाही.
मनातच होतास रे,
पण मन म्हणजे संध्याकाळी सहाची बर्डी,
हात धरलेला माणूसही
दोन दुकानांमध्ये सुटतो.

चोविसाव्या वर्षी धंतोलीत
डॉक्टरीणबाई म्हणाल्या, एडीएचडी.
चार अक्षरं, एक गोळी, सकाळी नाश्त्यानंतर.
ऑटोत तो खूप वेळ गप्प.
लोकमत चौक गेला तेव्हा म्हणाला,
"मग ते पहिले तीन महिने?
तेही त्यातलंच होतं का?"

गोळीच्या पाकिटावर हे लिहिलेलं नाही.
मला माहीत नाही. खरंच माहीत नाही.

आता रोज सातला फोनमध्ये
त्याच्या नावाचा गजर वाजतो.
त्याला नाही आवडत. "प्रेमाला गजर लागतो?"
तू माझी गॅसची शेगडी पाहिली आहेस ना, मी म्हणते,
कितीदा उतू गेलेलं दूध खरवडलंय.

काल तो बाबांचं सांगत होता, त्यांच्या बायपासचं.
मी ऐकत होती.
खिडकीखालून संत्र्यांचा ठेला गेला,
साल, सालीचा वास, सहावीची सहल, रामटेक,
कुणाची तरी राहिलेली वॉटरबॅग

तो थांबला. चिडला नाही, निदान दिसलं तरी नाही.
मग माझीच भाषा, थोड्या चुकलेल्या हेलात :
"कुठे जाऊन राहिली?"

"येऊन राहिली," मी म्हटलं.
"ऑपरेशनच्या आदल्या रात्रीपर्यंत ऐकलं.
तिथून सांग."