दुंडाप्पाचे बारा आणे

मंडोळी रोडवरून निघाले तेव्हा सात वाजले होते.
सायकल भाचीची, सीट मला जरा उंच,
गियरचं गणित कळेना
म्हणून सगळं गाव एकाच गियरमध्ये पाहिलं.

दुसरं गेट बंद.
मिरजेकडची गाडी जाईपर्यंत
समोरच्या कंपाउंडवरचा मोर बघत राहिले.
मोराला पाय नव्हते.
तिथवर रंग पुरला नसावा,
किंवा महापालिकेचं बिल.

गोवावेसला दोन पैलवान, खडाखडीत अडकलेले.
पुढचा चुना लागेपर्यंत आता कुणी चितपट होत नाही.
एकाच्या पाठीवर
खोली भाड्याने देण्याची चिठ्ठी, फोन नंबर फाडून नेलेला.

शहापूरच्या बोळात निळ्या भिंतीवर टांगा.
घोडा इतका देखणा की संशय यावा;
इथल्या घोड्यांच्या बरगड्यांवर मी पाढे शिकले.
एक म्हातारे दात घासत दारात आले,
"काय बघायलीस? घोडं?
ते हितलं नव्हं गं. हितल्याचा डावा कान फाटका हुता."
आणि चूळ भरून आत गेले,
जणू साक्ष संपली.

वडगावात मागांचा आवाज आता तुटक येतो,
एका गल्लीत आहे, पुढच्या दोन गल्ल्यांत नाही.
बंद पडलेल्या कारखान्यामागची ती भिंत
मी शोधत होते. आप्पांची.

भरमू पेंटर आणि दुंडाप्पा पेंटर,
दोघांत एक शिडी, एक सायकल.
आप्पांना कन्नड वाचता येत नव्हतं,
दुंडाप्पाला मराठी.
तरी पैज अशी, की याने त्याची भाषा रंगवायची, त्याने याची.
कागदावरचं बघून, चित्र काढावं तसं.
आप्पा म्हणायचे, आपल्या अक्षरांना छप्पर आहे,
त्यांच्या अक्षरांना पटका.
छप्पर पट्टी धरून येतं, पटका
ज्याचा त्यालाच बांधता आला पाहिजे.

भिंतीवर आता हातमागाशी बसलेली बाई, दोन पुरुष उंच.
शिडीवर एक पोरगा तिच्या साडीचा काठ भरत होता.
तौसीफ, कॉलेजचं शेवटचं वर्ष.
खाली डाव्या कोपऱ्यात त्याने चौकोन तसाच सोडलेला :
तपकिरीची जाहिरात, लाल उडून विटकरी झालेली.
"हात लई चांगला होता त्यांचा," तो म्हणाला,
"पुसवेना. वरचं काय लिहिलंय?"

मी वाचलं. नाकाला विचारा.

तो हसला. मग खाली उतरला, गुडघ्यांवर बसला,
आणि सर्वांत खालची बारीक कन्नड ओळ,
जिला मी लहानपणापासून
त्याच वाक्याचं भाषांतर समजत होते,
बोट ठेवून वाचली :
"भरमूकडून चहाचे बारा आणे येणे."

पुन्हा वाच, म्हटलं.
त्याने पुन्हा वाचली. तेच.

म्हणजे दुंडाप्पाने कागद दिला,
आणि आप्पांनी उन्हात, जीभ दातांत धरून,
एकेक पटका नीट बांधत
स्वतःची उधारी भर रस्त्यावर रंगवली.

आठवलं. सायकलच्या दांड्यावर मी पुढे,
या वळणावर आप्पा एक पाय टेकायचे
आणि काही न बोलता खुदखुदायचे.
त्यांचं पोट माझ्या पाठीला लागून हलायचं.
मला वाटायचं, चेन उतरली.

कुणी सांगितलं असेल त्यांना? कधी?
आणि कळल्यावरही
ब्रश तर घरातच होता.

तौसीफला कोपऱ्यावरचा चहा पाजला.
तीस रुपये दोघांचे. त्याने द्यायला खिशात हात घातला,
मी त्याचा हात धरला, जरा जास्तच जोरात.
"पुढच्या आठवड्यात वॉर्निश मारतो त्याच्यावर," तो म्हणाला.
मार.

येताना दुसरं गेट पुन्हा बंद.
मोराला तसेच पाय नाहीत.
सायकलची चेन मात्र
या वेळी खरंच उतरली होती,
आणि माझ्या बोटांना काळं ग्रीस,
ते कुठे पुसावं म्हणून
मी भिंतीकडे पाहिलं.