शिट्टी काढलेला कुकर

गुरुवार. भागूची सेकंड शिफ्ट, हॉस्पिटलात.
उद्यमबागेतून येताना कॅम्पातल्या बेकरीत
कालचे पाव निम्म्या दरात मिळाले,
अन् चीजचे चार क्यूब.

खिमा कांद्यावर परतला,
सॉस ओतला, चिमूटभर मोहरीची पूड,
व्हिनेगरात घातलेल्या काकडीच्या चकत्या.
पाव फाडून तळाला, खिमा मध्ये, चीज वर.
डबा कुकरात. खाली मीठ, पाणी नाही,
शिट्टी अन् रबर काढून खिडकीत.

वीस वर्षं फाउंड्रीत साचे भरतोय मी.
आत काय चाललंय ते दिसत नसतंय,
वासावरनं वळखायचं.

"पप्पा, ह्यात बर्गर कुठाय?" प्रणोती.
"वितळलाय. बस की जरा."
भिंतीपलीकडनं यल्लव्वा,
"एनरी, वास कसला सोडलासा?"
वाटीभर पाठवलं.
वाटी परत आली, शेंगाचटणी घेऊन.

साडेनऊला भागू. पर्स खांद्यावरच,
डब्याचा करपलेला कोपरा
उलथण्यानं खरवडून
उभ्यानंच खाल्ला तिनं.
"ओतलाय बरा," म्हणाली,
"साचा फोडायला घाई केलासा."