मागणीपत्रक, सन २०४५

लातूरच्या टॉवरवर पंखा कुरकुरतोय.
कुशावर्ता धानोरकर रकाने भरतेय:
वीस वर्षांनी किती वाहिन्या लागतील,
एका वेळी किती विमानं बोलतील.

आज दोन. त्यातलं एक शिकाऊ पोराचं,
बाभळगावावर वळताना
स्वतःचीच खूण विसरणारं.

मुख्यालय म्हणतं, पुढं आवाज नसेलच,
पडद्यावर अक्षरं येतील, चुका टळतील.
खरंय.
पण परवा तो "उतरतोय" म्हणाला
त्यातला कंप कोणत्या अक्षरात मावला असता?
ती एवढंच बोलली, "दिसलास रे. दमानं ये."
नियमावलीत हे वाक्य नाही.

खालचा रकाना: पर्यायी व्यवस्था.

त्र्याण्णवला, किल्लारीकडं, तारा सगळ्या गेल्यावर
तिचे मामा जीपच्या बॅटरीवर
बिनतारी संच घेऊन बसले तीन रात्री.
गावांची नावं सांगायचे,
पलीकडून तीच नावं परत यायची, एकेक,
म्हणजे पोचलं.

ती लिहिते: वाहिन्या सहा.
जनित्र एक. बॅटऱ्या दोन.
पेन थांबतं. सहाच्या जागी सात होतात.
'प्रयोजन'समोर: कुणी घाबरलं तर.

मग ते खोडून
राखीव.